संगणकाचा काळा पडदा आणि त्याचा इतिहास



संगणकाची कळ दाबावी, आंतला पंखा फिरूं लागावा, निर्मात्याचें चिन्ह क्षणभर चमकून जावें, आणि मग पडद्यावर काळोखाशिवाय कांहींच येऊं नये, असा प्रकार आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल; ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्या घरीं तो येण्याचा संभव आतां वाढला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार बंद केला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ मध्यें निघाली, ती नव्या प्रोसेसरची आणि टीपीएम २.० नांवाच्या सुरक्षा-चिपची अट घालूनच. त्यामुळें झालें असें कीं, ज्यांचा एकही खिळा ढिला झालेला नाहीं अशीं यंत्रें एका दिवसांत जुनाट ठरलीं. पेण-रोह्यासारख्या गांवीं आठ-दहा वर्षांपूर्वीं काटकसर करून घेतलेला संगणक कोणी सहजासहजीं टाकून देत नाहीं. त्यास दोन वाटा उरतात: एक भंगारवाल्याची, दुसरी लिनक्सची. लिनक्स ही फुकट मिळणारी, आणि फुकटपणापेक्षां महत्त्वाचें म्हणजे जिचें मूळ लेखन कोणासही वाचतां व बदलतां येतें अशी मुक्त प्रणाली आहे. परंतु ती बसविणाऱ्यास कधीं पहिल्याच दिवशीं, कधीं महिन्या-दोन महिन्यांनीं, हा काळा पडदा भेटतो. दुरुस्ती करणारा म्हणतो, "कार्ड गेलें, नवें यंत्र घ्या." वस्तुतः बहुतेक वेळां कांहींही गेलेलें नसतें. तो काळोख यंत्राच्या मोडतोडीचा नसून इतिहासाचा असतो, आणि तो इतिहास ठाऊक असला म्हणजे चांगलें यंत्र भंगारांत जाण्याचें टळतें.

आरंभाची क्रिया कशी चालते हें मी आमच्याकडील रेल्वेवरून सांगतों. दिव्याहून निघालेला लोहमार्ग १९६४ मध्यें पनवेलपर्यंत, १९६६ मध्यें आपट्यापर्यंत आणि १९८६ मध्यें पेणवरून रोह्यापर्यंत आला. पुढें कित्येक वर्षें रोह्याच्या पलीकडे रूळच नव्हते. १९९३ मध्यें कोंकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला व १९९८ मध्यें सगळा मार्ग पुरा झाला. मध्य रेल्वेचा कारभार रोह्यापर्यंत आणि तेथून पुढें कोंकण रेल्वेचा, अशी वांटणी त्या वेळीं झाली. संगणकांतही असेच हद्दींचे ठिकाण असतात. प्रथम यंत्राच्या अंगचा कार्यक्रम जागा होतो. तो गाडी आरंभकाच्या हवालीं करतो. आरंभक ती कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हवालीं करतो. आणि कर्नेल शेवटीं पडद्यावर चित्र उमटवितें. गाडी रत्नागिरीस आली नाहीं म्हणजे रत्नागिरीच्या फलाटावर उभें राहून कारण कळत नाहीं. तिनें पेण सोडलें काय, रोहा सोडला काय, हें मागें विचारीत जावें लागतें. दोष शोधण्याचें सारें शास्त्र या एका विचारण्यांत आहे.

या आरंभास इंग्रजींत 'बूट' म्हणतात, आणि त्या शब्दाचा पायांतील बुटाशीं खरोखरच संबंध आहे. बुटाच्या मागील पट्ट्यास धरून मनुष्यानें स्वतःलाच वर उचलावें, अशी एक अशक्य गोष्ट त्या भाषेंत बोलली जाते; तीवरून हा शब्द आला. संगणकाला प्रणाली वाचावयाची तर वाचण्याचा कार्यक्रम त्याच्या स्मृतींत आधींच हवा, आणि तो आणावयाचा तर त्याहून आधींचा दुसरा हवा! ही गुंतागुंत सोडविण्यासाठीं एक लहानसा कार्यक्रम यंत्राच्या चिपमध्येंच कायमचा लिहून ठेवतात. १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्यूटर काढला, त्यांत याचें नांव बायोस असें होतें. बायोस तबकडीवरील पहिले ५१२ बाइट वाची आणि कारभार त्यांच्या स्वाधीन करी. ५१२ बाइट म्हणजे एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. तेवढ्यांत पुढल्या सगळ्या प्रवासाची सोय करावयाची असे.

लिनक्सचा जन्म १९९१ मधला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरव्हाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी; त्यानें २५ ऑगस्ट रोजीं आपण एक प्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें आणि पुढील वर्षीं ती जीपीएल या मुक्त परवान्याखालीं जगास दिली. तिच्या प्रारंभींच्या काळांत आरंभकाचें काम लिलो नांवाचा कार्यक्रम करी. या लिलोची एक खुबी मला फार आवडते. तो आपलें नांव पडद्यावर एकदम लिहीत नसे. एक एक पायरी पार पडे तसतसें एक एक रोमन अक्षर टाकी. चारही अक्षरें उमटलीं कीं सर्व ठीक. नुसतें 'एल' दिसून यंत्र थबकलें तर पहिला भाग आला पण दुसरा सांपडला नाहीं. 'एल आय' वर थबकलें तर दुसरा भाग हातीं लागला पण चालविला गेला नाहीं. 'एल आय एल' वर थबकलें तर दुसरा चालला, मात्र पुढील नकाशा त्यास वाचतां आला नाहीं. ज्यास इंग्रजीचें एक वाक्य येत नाहीं त्यालाही गाडी कोणत्या स्थानकावर अडली हें या चार अक्षरांवरून समजे. यंत्रानें आपलें अपयश इतक्या थोडक्यांत आणि इतक्या सरळपणें सांगितल्याचें दुसरें उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं. आजकाल त्या जागीं फिरणारें वर्तुळ किंवा सुबक चिन्ह दाखवितात आणि त्याखालीं सगळा मजकूर झांकून टाकतात. शोभा वाढली, पण रोग्याची जीभ बांधली गेली, असें मला वाटतें.

लिलोच्या जागीं पुढें ग्रब आला. त्याचा आरंभ १९९५ मध्यें एरिक बोलेन यानें केला. लिलोस प्रणालीची जागा आगाऊ मोजून सांगावी लागे, आणि ती हलली कीं सर्व फसे. ग्रबला तबकडीवरील फायली स्वतः वाचतां येतात, आणि वेळ पडल्यास मनुष्यास सूचना बदलण्याची संधिही तो देतो. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर हाच असतो. तेव्हां आरंभकाची कथा एकंदरींत सुखाची झाली. काळा पडदा उरला तो पुढच्या हद्दींत, म्हणजे चित्राच्या प्रांतांत. आणि तेथील कारण तांत्रिक कमी व मानवी अधिक आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्र घडविणारा स्वतंत्र कारागीर. प्रणालीनें त्यास काय सांगावें व कोणत्या भाषेंत सांगावें, हें जाणणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. कारागिराची भाषा कारखानदारानें गुप्त ठेवली तर बाहेरच्या कोणासही दुभाष्याचें काम करतां येत नाहीं. मौज अशी कीं, मुक्त प्रणालीची सारी चळवळ मुळांत एका दुभाष्याच्या भांडणांतूनच निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक छपाईयंत्र होता. त्यांत कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तेथील कार्यकर्त्यानें आधींच्या छपाईयंत्राच्या कार्यक्रमांत अशी भर घातली होती कीं, कागद अडकला म्हणजे ज्यांचें काम खोळंबलें त्यांस आपोआप निरोप जाई. नव्या यंत्रालाही तीच सोय करावी म्हणून त्यानें मूळ लेखन मागितलें, तर तें न देण्याचा करार झाल्याचें उत्तर त्यास मिळालें. हा नकार त्याच्या मनास लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती अशा नकारांस कंटाळून. लिनक्सच्या गाभ्याभोंवतीं जीं अवजारें असतात, त्यांतील फार मोठा भाग याच प्रकल्पांतून आलेला आहे.

मूळ लेखन म्हणजे काय, हें पेणकरांस निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पेण, हमरापूर, जोहे या गांवांतून गणपतीच्या मूर्ति दूरदूर जातात, त्यांतील पुष्कळशा बिनरंगाच्या जातात. रंग व डोळ्यांची आखणी घेणारा आपल्या गांवीं करतो. पण सांचा सहसा कोणी देत नाहीं. सांचा हातीं असला तर मूर्तीचा हात जाड करतां येतो, सोंड वळवितां येते. मूर्तीवरून सांचा काढणें मात्र कष्टाचें व चुकांचें काम. ड्रायव्हरचें तयार रूप ही मूर्ति आणि मूळ लेखन हा सांचा. ग्राफिक्स कार्डांच्या कारखानदारांनीं लिनक्सवाल्यांस पुष्कळ वर्षें कांहीं दिलें असेल तर ती केवळ मूर्ति, आणि कित्येकदां तीही नाहीं.

पडद्यावर खिडक्या व चित्रें दाखविणारी एक्स ही व्यवस्था एमआयटीमध्येंच १९८४ मध्यें जन्मली. घरगुती यंत्रांसाठीं तिची मुक्त आवृत्ति १९९२ पासून तयार होऊं लागली. त्या काळीं मालकानें एका फायलींत आपल्या मॉनिटरच्या आडव्या व उभ्या कंपनांचे आंकडे स्वतः लिहावे लागत. आंकडा चुकला तर पडदा काळा. फारच चुकला तर कांचेच्या नळीचा जुना मॉनिटर बिघडण्याचीही भीति. तरी त्या पद्धतींत एक सोय होती. यंत्र प्रथम साध्या अक्षरांच्या पडद्यावर सुरू होई, आणि चित्रव्यवस्था पडली तरी मनुष्य त्या अक्षरांकडे परत येऊन दुरुस्ती करूं शके. २००९ मध्यें पडद्याचा विस्तार व कंपनें ठरविण्याचें काम एक्सकडून काढून खुद्द कर्नेलकडे देण्यांत आलें. त्यामुळें लुकलुकणें थांबलें, झोपवलेलें यंत्र नीट जागें होऊं लागलें. पण दोषाचें स्थानक अलीकडे सरकलें! कर्नेलमधील दुभाष्या चुकला तर आतां चित्राबरोबर अक्षरेंही जातात. पूर्वींचा काळा पडदा वाटेंत बोलत येई. हा पहिल्यापासून मुका असतो.

कारखानदारांपैकीं इंटेलचें वर्तन पुष्कळ सरळ होतें, आणि साध्या घरगुती संगणकांत इंटेलचेंच चित्रयंत्र असल्यामुळें बहुतेकांस त्रास होत नाहीं. एएमडी कंपनीनें २००७ मध्यें आपल्या कार्डांचे दस्तऐवज खुले करण्याचें जाहीर केलें, आणि तेव्हांपासून तिच्या कार्डांसाठीं मुक्त ड्रायव्हर सुधारत गेले. राहिली एन्व्हिडिया. तिनें लिनक्ससाठीं ड्रायव्हर दिला, तो उत्तम चाले, परंतु त्याचा सांचा दिला नाहीं. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं कार्डाकडे काय जातें व त्यावर तें काय करतें याचें निरीक्षण करून, म्हणजे मूर्तीवरून सांचा काढून, नुव्हो नांवाचा मुक्त ड्रायव्हर लिहावयास घेतला. २०१० च्या आरंभीं निघालेल्या कर्नेलमध्यें तो प्रथम समाविष्ट झाला. पुढें २०१४ नंतरच्या कार्डांत कारखानदाराच्या सहीशिवाय आंतील कार्यक्रम चालूं नये अशी व्यवस्था आली, आणि नुव्होच्या लोकांचे हात पुन्हां बांधले गेले. कार्ड चाले, पण पूर्ण वेगानें धांवेना. २०१२ मध्यें फिनलंडच्या आल्टो विद्यापीठांत टोरव्हाल्ड्स यास कोणी या कंपनीविषयीं विचारलें असतां त्यानें कॅमेऱ्याकडे पाहून मधलें बोट दाखविलें व एक अपशब्द उच्चारला. थोर मनुष्यानें भर सभेंत असें करावें काय, हा प्रश्न वेगळा. शाळेंत मीं तें खपवून घेतलें नसतें. पण त्यामागें किती वर्षांचा वैताग सांठला होता, हें वरील हकीकतीवरून ध्यानांत येईल.

बंद ड्रायव्हराचा खरा जाच असा आहे. कर्नेल मुक्त; तें वारंवार सुधारतें. बंद ड्रायव्हर हा एका विशिष्ट कर्नेलच्या मापानें बेतलेला. रात्रीं यंत्रानें नवें कर्नेल उतरवून घेतलें आणि ड्रायव्हर त्याच्या मापाचा झाला नाहीं, तर सकाळीं पडदा काळा. "काल तर चाललें होतें," असें जें आपण म्हणतों त्याचें उत्तर बहुधा येथें असतें. शिवाय जुन्या कार्डांस कंपनी कालांतरानें आधार देण्याचें थांबविते. मग नव्या कर्नेलसाठीं त्या कार्डाचा बंद ड्रायव्हर मिळतच नाहीं आणि नुव्होवर परतावें लागतें. तिसरें एक कारण २०१२ पासून आलें. विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट नांवाचा पहारेकरी यंत्रांत बसला. ज्या कार्यक्रमावर ओळखीची सही नाहीं त्यास तो आंत सोडीत नाहीं. लिनक्सच्या मोठ्या संस्थांनीं सहीची व्यवस्था करून घेतली, पण आपण मागाहून बसविलेल्या ड्रायव्हरवर ती सही नसली तर प्रणाली सुरू होते आणि चित्राचा दुभाष्या मात्र दाराबाहेर राहतो.

आतां उपायाकडे येतों. यंत्र सुरू होतांना, जुनें बायोसचें असल्यास शिफ्टची कळ दाबून धरावी, नवें असल्यास एस्केपची कळ टिचकावी. म्हणजे ग्रबची यादी दिसते. तेथें 'ॲडव्हान्स्ड' असें म्हटलेल्या ओळीखालीं आधींचें कर्नेल राखून ठेवलेलें असतें. प्रथम तें निवडावें. यंत्र चाललें तर दोष नव्या कर्नेलचा व ड्रायव्हरचा न जुळण्याचा आहे, हें तेथेंच सिद्ध झालें. तें न चालल्यास यादींतील पहिल्या ओळीवर येऊन 'ई' ही कळ दाबावी. सूचनांचा मजकूर उघडतो. 'लिनक्स' शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. मघाशीं म्हटलेलें झांकण तें हेंच. ते पुसावे आणि त्यांच्या जागीं 'नोमोडसेट' हा एक शब्द लिहून कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबाव्या. या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, २००९ मध्यें कर्नेलकडे दिलेलें पडदा ठरविण्याचें काम त्यानें आज करूं नये. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. दिसलें म्हणजे यंत्र धड आहे, तबकडी धड आहे, बहुधा कार्डही धड आहे, आणि भांडण केवळ दुभाष्याशीं आहे. मग योग्य तो ड्रायव्हर बसवावा किंवा अयोग्य तो काढावा. 'नोमोडसेट' ही मात्र कुबडी आहे. ती कायमची लावून ठेवणारे लोक मीं पाहिले आहेत, आणि मग ते यंत्र मंद चालतें म्हणून तक्रार करतात. एकदां लिहिलेला शब्द पुढल्या वेळीं आपोआप नाहींसा होतो, तेव्हां कोणी भिऊं नये.

हें सगळें करीत असतां आपल्या लक्षांत एक गोष्ट येईल कीं, झांकण काढल्यावर जो मजकूर भराभर सरकतो तो सारा रोमन लिपींत असतो. मराठी प्रणाली बसविली असली तरीही! याचें कारणही याच इतिहासांत आहे, आणि तें आपल्या घरचें आहे.

पहिल्या घरगुती संगणकांच्या अक्षरी पडद्यावर २५६ आकार मावत. प्रत्येकास एक ठरलेली चौकट. रोमन लिपीला तेवढें पुरून उरे. देवनागरींत जोडाक्षरें आहेत, मात्रा वर आणि उकार खालीं आहेत, आणि पहिली वेलांटी तर उच्चारांत मागून येते व लिहितांना पुढें बसते. चौकटींच्या रांगेंत हा संसार बसेना. कानपूरच्या आयआयटीमध्यें यावर काम झालें आणि १९८३ मध्यें दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनांत देवनागरी दाखविणारा संगणक लोकांनीं पाहिला. त्यांतून जिस्ट ही व्यवस्था निघाली. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक संस्था स्थापन झाली व जिस्टचें कार्य तिच्याकडे आलें. जिस्ट हें त्या काळीं यंत्रांत बसवावयाचें एक वेगळें कार्डच असे. म्हणजे मराठी वाचावयाची तर तिच्यासाठीं स्वतंत्र चित्र-कारागीर विकत घ्यावा लागे. १९९१ मध्यें इस्की हें भारतीय लिपींचें संकेतमान ठरलें. तरी बाजारांत ज्यानें त्यानें आपापले खासगी संकेत चालविले, आणि एका कचेरींत टाइप केलेलें मराठी पत्र दुसऱ्या कचेरींत उघडलें कीं रोमन अक्षरांचा कचरा दिसे. छपाईच्या व दप्तराच्या कामांत त्याचे अवशेष अजूनही भेटतात. सांचा झांकून ठेवण्याचा हा देशी प्रकार होय. त्याबद्दल परदेशी कंपन्यांस दोष देतां येत नाहीं.

लिनक्सवर देवनागरी आणण्याचें काम मुंबईंत झालें. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें, म्हणजे एनसीएसटीनें, इंडिक्स या प्रकल्पांत खुद्द एक्सच्या अंगांतच भारतीय लिपी जुळविण्याची शक्ति घालण्याचा प्रयत्न केला. अक्षरकलेचे आचार्य र. कृ. जोशी या संस्थेंत होते. विंडोज २००० बरोबर घरोघर गेलेलें 'मंगल' हें देवनागरी वळण त्यांच्याच हातचें. त्याच सुमारास इंडलिनक्स या नांवानें मुंबईंतील कार्यकर्ते प्रणालीच्या सूचना भारतीय भाषांत आणूं लागले. २००४ मध्यें रेड हॅट कंपनीनें लोहित नांवाचीं अक्षरवळणें मुक्त परवान्यानें दिलीं, आणि २००७ मध्यें सी-डॅकनें बॉस ही भारतीय लिनक्स आवृत्ति काढली, तींत मराठीही आहे. मुंबईच्या आयआयटीनें स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठी बोलींत ध्वनिमुद्रित करून फुकट ठेवले आहेत. ज्यांस वरील उपाय करण्यापूर्वीं सवय करावयाची असेल त्यांनीं ते अवश्य ऐकावे.

परंतु या सर्वांनीं आणलेली देवनागरी चित्राच्या प्रांतांत राहते. कर्नेलच्या मूळ अक्षरी पडद्यावर एका वेळीं ५१२ आकारांपर्यंतच मजल जाते, आणि जोडाक्षर जुळविण्याची किंवा वेलांटी पुढें आणण्याची कला त्यास अवगत नाहीं. रोमन लिपी रोह्यापर्यंत पायींही येते. मराठी मात्र पूर्ण गाडी सुटल्याशिवाय निघतच नाहीं. म्हणून चित्राचा दुभाष्या पडला कीं इंग्रजी वाचणाऱ्याचें फक्त चित्र जातें, मराठी वाचणाऱ्याची लिपीच जाते, आणि तीही दोष समजून घेण्याच्या नेमक्या घटकेस. ड्रायव्हर मुक्त असावा कीं नसावा, हा वाद आपल्या घरांत असा येऊन पोंचतो.

एन्व्हिडियानें मे २०२२ मध्यें आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमध्यें बसणारा भाग मुक्त परवान्यानें प्रसिद्ध केला, तो २०१८ व नंतरच्या पिढ्यांतील कार्डांपुरता. कार्डाच्या पोटांतील कार्यक्रम अद्याप बंदच आहे. आपल्या घरीं आहे तें कार्ड त्याआधींचें असेल तर या सवलतीचा त्यास उपयोग नाहीं, आणि त्यासाठीं बंद ड्रायव्हर मिळत असेल तर त्यावर, नाहींतर नुव्होवर भिस्त ठेवावी लागेल. नवी प्रणाली बसविण्यापूर्वीं ती पेनड्राइव्हवरून तात्पुरती चालवून पाहतां येते व त्यानें तबकडीवरील कांहीं पुसलें जात नाहीं. त्या चांचणींत पडदा उजळला, आवाज आला, आणि एखाद्या कागदावर 'क्षितिज' हा शब्द नीट उमटला, तर मग यंत्र भंगारवाल्याकडे नेण्याची घाई कोणीं करूं नये.